सीच्या लायब्ररीवर क्लास कसा चढवायचा? (एसक्यूलाइटच्या निमित्ताने)

(हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

बऱ्याच जणांकडून फिरून फिरून एकच प्रश्न येतो, तो आज घेतोय. प्रश्न असा, की कोटलिन येतं, पायथन येतं, क्लास-ऑब्जेक्ट कॉलेजात शिकलोय. पण इंटर्नशिपला गेलं की हातात सी भाषेत लिहिलेली एक लायब्ररी ठेवतात आणि सांगतात, ‘हिच्यावर एक छान रॅपर क्लास करून दे.’ आता हा छान क्लास म्हणजे नक्की काय? फंक्शनची नावं गोड केली की झालं का?

नाही झालं. माझं मत आधीच सांगून टाकतो. रॅपरमध्ये नावं हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम दुसरंच आहे: आतली प्रत्येक गोष्ट कोणाच्या मालकीची आहे, ती कधी मरणार आणि तिला मारण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवणं. सी लायब्ररीत हे नियम असतात, पण ते डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेले असतात. माणसाने वाचायचे, लक्षात ठेवायचे आणि रात्री दोन वाजता विसरायचे. चांगला क्लास तेच नियम अशा रीतीने मांडतो, की विसरलात तरी मोडता येऊ नयेत. किमान मोडले तर मोठ्याने ओरड व्हावी.

हवेत बोलण्यापेक्षा एक खरी लायब्ररी घेऊ. एसक्यूलाइट. तुम्ही आत्ता ज्या फोनवर हे ऐकताय त्यात ती आहेच, अँड्रॉइड असो वा आयफोन. अँड्रॉइडवरचे व्हॉट्सॲपचे मेसेज एसक्यूलाइटच्या फाइलमध्येच असतात. रिचर्ड हिप नावाच्या गृहस्थांनी ती सन २००० मध्ये लिहिली. अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर बनवण्याचं काम चालू होतं, तिथे वेगळा सर्व्हर लागणार नाही असा डेटाबेस हवा होता, त्यातून ही निघाली. (जाता जाता, हिप स्वतः उच्चार ‘एस-क्यू-एल-आइट’ असा करतात, खनिजाच्या नावासारखा. आपण मात्र एसक्यूलाइटच म्हणू, जीभ वळत नाही.) ती पूर्ण सीमध्ये आहे आणि तिच्यावर जवळपास प्रत्येक भाषेत कोणीतरी रॅपर लिहिलेला आहे. त्यामुळे कोणी काय निर्णय घेतला, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

तर सीमधून ती वापरायची कशी? चालत ऐकत असाल तरी कळेल, सोपं आहे. ‘ओपन’ला फाइलचं नाव द्यायचं, ते तुम्हाला कनेक्शनचा पॉइंटर देतं. ‘प्रिपेअर’ला एसक्यूएलचं वाक्य द्यायचं, ते स्टेटमेंटचा पॉइंटर देतं. वाक्यात प्रश्नचिन्हं ठेवली असतील तर ‘बाइंड’ने त्या जागी किमती भरायच्या. ‘स्टेप’ म्हटलं की एक ओळ पुढे. ‘कॉलम’ने त्या ओळीतली किंमत काढायची. काम झालं की स्टेटमेंटवर ‘फायनलाइझ’ आणि शेवटी कनेक्शनवर ‘क्लोज’. लायब्ररीत दोनशेहून जास्त फंक्शन्स आहेत, पण रोजचं काम एवढ्यावर भागतं.

हे जे पॉइंटर मिळतात, त्यांना हँडल म्हणतात. देवळाबाहेर चप्पल स्टँडवर मिळणारा बिल्ला आठवा. बिल्ल्यावर नुसता नंबर. आत चप्पल कुठल्या फळीवर आहे ते तुम्हाला माहीत नसतं आणि असायची गरजही नसते. बिल्ला दाखवला की काम होतं. बिल्ला परत दिला की तुमचा संबंध संपला. हँडल अगदी तसंच. आत कुठला स्ट्रक्चर आहे ते हेडर फाइल सांगतच नाही. तुम्ही फक्त प्रत्येक फंक्शनला पहिला आर्ग्युमेंट म्हणून हा बिल्ला द्यायचा.

आता नीट बघा. पहिला आर्ग्युमेंट नेहमी तोच. एक फंक्शन जन्म देतं, एक फंक्शन मारतं, मधली त्याच्यावर काम करतात. ऑब्जेक्ट याहून वेगळा काय असतो? सीमध्ये क्लास हा शब्द नाही, पण लायब्ररी लिहिणाऱ्याच्या डोक्यात ऑब्जेक्ट आहेत. आपल्याला ते शोधायचेत, नवीन कल्पायचे नाहीत. हेडर फाइल उघडायची आणि जन्म-मृत्यूच्या जोड्या लावायच्या. ओपन-क्लोज एक जोडी, प्रिपेअर-फायनलाइझ दुसरी. जोड्या दोन, म्हणजे क्लास किमान दोन: कनेक्शन आणि स्टेटमेंट.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? पण कोड रिव्ह्यूला येणारे बरेच पहिले मसुदे एकाच क्लासचे असतात. ‘डेटाबेस-मॅनेजर’ किंवा ‘हेल्पर’ असलं काहीतरी नाव, आणि आत सगळं कोंबलेलं. त्यात एकच स्टेटमेंट फील्डमध्ये ठेवलेलं असतं. एका क्वेरीच्या ओळी वाचता वाचता मध्येच दुसरी क्वेरी चालवली की पहिलीचा बिल्ला पुसला जातो. दोन गोष्टींचं आयुष्य वेगळं असेल तर त्यांचा क्लास वेगळा. आयुष्य हा शब्द धरून ठेवा, तो आज सारखा येणार आहे.

आता कनेक्शन क्लासचा कन्स्ट्रक्टर. आत ओपन कॉल केलं, चूक आली, एक्सेप्शन फेकला. संपलं? इथे एक खाच आहे. एसक्यूलाइटचं ओपन अपयशी झालं तरी सहसा हँडल देतंच, कारण चूक काय झाली तो संदेश त्याच हँडलवर विचारायचा असतो. आणि डॉक्युमेंटेशन स्पष्ट सांगतं, ओपन फसलं तरी ते हँडल क्लोज करायला हवं. म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये क्रम असा: संदेश कॉपी करून घ्या, हँडल बंद करा, मग एक्सेप्शन फेका. सी प्लस प्लसमध्ये हे जास्तच महत्त्वाचं, कारण कन्स्ट्रक्टर अर्धवट सुटला तर त्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालतच नाही. तुमच्या मागून कोणी झाडू मारायला येणार नाही.

सी प्लस प्लसची मंडळी या पद्धतीला आरएआयआय म्हणतात. ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी दिलेलं हे नाव तसं बोजड आहे, पण कल्पना साधी. ऑब्जेक्ट जन्मला की वस्तू ताब्यात, ऑब्जेक्ट मेला की वस्तू परत. कंसाच्या बाहेर पडलात की डिस्ट्रक्टर आपोआप चालतो. मधून रिटर्न करा, एक्सेप्शन येऊ द्या, काहीही होवो.

फक्त कॉपीकडे लक्ष ठेवा. ऑब्जेक्टची कॉपी झाली की आतला पॉइंटरही कॉपी होतो. ही झाली बिल्ल्याची झेरॉक्स. पहिल्याने चप्पल नेली. स्टँडवाल्याने तोच नंबर दुसऱ्या भक्ताला दिला. मग तुमचा मित्र झेरॉक्स घेऊन आला आणि तिसऱ्याच माणसाची कोल्हापुरी घालून गेला. मेमरीतही हेच होतं आणि गंमत म्हणजे ताबडतोब क्रॅश होईलच असं नाही. कधी कधी चप्पल मापाची निघते! असा बग आठवडे खातो. म्हणून हँडल धरणाऱ्या क्लासची कॉपी बंदच करायची, फक्त ‘मूव्ह’ ठेवायचं, म्हणजे बिल्ला एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो आणि पहिल्याचा हात रिकामा होतो. आधुनिक सी प्लस प्लसमध्ये ‘युनिक पॉइंटर’ला स्वतःचं डिलीट फंक्शन लावलं की हे जवळजवळ फुकट मिळतं.

कोटलिन-जावात डिस्ट्रक्टर नाही. तिथे गार्बेज कलेक्टर आहे, म्हणून अनेकांना वाटतं, की सुटलो. उलट आहे. कलेक्टरला फक्त जावाची मेमरी दिसते. तुमच्या कोटलिन ऑब्जेक्टमध्ये काय आहे? एक ‘लाँग’ प्रकारचा आकडा, ज्यात सीचा पत्ता ठेवलाय. अँड्रॉइडच्या स्वतःच्या ‘एसक्यूलाइट-कनेक्शन’ क्लासमध्येही हेच आहे. कलेक्टरच्या नजरेत तो ऑब्जेक्ट म्हणजे मूठभर बाइट्स. त्या आकड्यामागे सीच्या बाजूला मेगाबाइट्स अडकलेत, एक फाइल उघडी आहे, कदाचित तिच्यावर लॉक आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून घाईही नसते. तो निवांत येतो, किंवा येतच नाही.

त्यामुळे तिथे ‘क्लोजेबल’ इंटरफेस घ्यायचा आणि वापरणाऱ्याने कोटलिनचा ‘यूझ’ ब्लॉक वापरायचा. आणि क्लोज दोनदा कॉल झालं तरी काही बिघडता कामा नये. पहिल्यांदा बंद केलं की आतला आकडा शून्य करा. दुसऱ्यांदा शून्य दिसला तर गुपचूप परत. इतर कुठल्याही मेथडमध्ये शून्य दिसला तर स्वच्छ शब्दांत एक्सेप्शन: ‘हे कनेक्शन बंद झालंय.’ ही एक ओळ नसेल तर शून्य पत्ता सीकडे जातो, आणि लायब्ररीने तो तपासला नाही तर अख्खं ॲप बसतं. जावाचा एक्सेप्शन पकडता येतो, नेटिव्ह क्रॅश पकडता येत नाही. वापरणाऱ्याला फक्त होम स्क्रीन दिसते.

कोणी बंद करायला विसरलंच तर? जुना उपाय म्हणजे फायनलायझर. जावा ९ पासून तो नापसंत ठरवलाय, त्याऐवजी ‘क्लीनर’ आहे. माझ्या मते दोन्हीकडे सुरक्षाजाळी म्हणूनच बघावं, आणि जाळीत काही पडलं तर लॉगमध्ये बोंब मारावी. अँड्रॉइड हेच करतं. कनेक्शन बंद न करता सोडलं तर ‘लीक झालं’ अशी ओळ लॉगकॅटमध्ये येते. स्ट्रिक्टमोडमध्ये त्यासाठी खास मेथडही आहे. तिच्या नावात एसक्यूलाइटचं स्पेलिंग चुकलंय आणि एकदा जाहीर केलेलं नाव बदलता येत नाही म्हणून ते तसंच राहिलंय. रॅपरमधल्या मेथडचं नाव ठरवण्याआधी हे उदाहरण जरूर बघा.

पायथनवाल्यांसाठी एक सावधगिरी. तिथल्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये कनेक्शनवर ‘विथ’ ब्लॉक लावला तर वाटतं, ब्लॉक संपला की कनेक्शन बंद. तसं नाही! ते फक्त ट्रान्झॅक्शन कमिट किंवा रोलबॅक करतं, कनेक्शन उघडंच राहतं. फाइलवर ‘विथ’ लावलं की फाइल बंद होते, मग इथे वेगळं का? हा डिझाइनचा निर्णय मला पटत नाही. भाषेत ज्या शब्दाचा जो अर्थ रुळलाय तो रॅपरने पाळावा. पायथन ३.१३ पासून निदान न बंद केलेल्या कनेक्शनबद्दल वॉर्निंग येते.

बरं, आता अवघड भागाकडे. आधी कोण मरणार?

स्टेटमेंट हे कनेक्शनच्या पोटातलं आहे. समजा कोणी कनेक्शन आधी बंद केलं आणि एक स्टेटमेंट अजून जिवंत आहे. एसक्यूलाइटचं जुनं क्लोज अशा वेळी चक्क नकार देतं. ‘बिझी’ असा कोड परत करतं आणि कनेक्शन उघडंच ठेवतं. सीमध्ये हे बरोबर आहे, कारण लिहिणारा क्रम सांभाळतो. पण गार्बेज कलेक्टर कुठला ऑब्जेक्ट आधी उचलेल याची हमी नाही. डिस्ट्रक्टरमध्ये क्लोजने नकार दिला तर तुम्ही काय करणार? थांबून राहणार?

ही अडचण इतक्या रॅपर लिहिणाऱ्यांना आली, की २०१२ मध्ये लायब्ररीतच ‘क्लोज व्ही-टू’ नावाचं नवीन फंक्शन आलं. ते नकार देत नाही. स्टेटमेंट शिल्लक असतील तर कनेक्शनला ‘झोंबी’ करतं (शब्द त्यांचाच आहे!) आणि शेवटचं स्टेटमेंट फायनलाइझ झालं की मग खरं बंद होतं. कलेक्टर असलेल्या आणि डिस्ट्रक्टरचा क्रम नक्की नसलेल्या भाषांसाठी हे आहे, असं डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहिलंय. सांगायचा मुद्दा हा, की रॅपरच्या अडचणीने मूळ लायब्ररीला बदलायला लावलं.

पण तुमच्या लायब्ररीत अशी सोय असेलच असं नाही. मग क्लासने सांभाळायचं. साधा मार्ग म्हणजे स्टेटमेंट ऑब्जेक्टमध्ये कनेक्शन ऑब्जेक्टचा रेफरन्स धरून ठेवा. लेकरू आईचा पदर धरून असेल तोवर कलेक्टर आईला उचलत नाही. उलट दिशेनेही, कनेक्शनने आपल्या उघड्या स्टेटमेंट्सची यादी ठेवायची आणि क्लोज म्हटल्यावर आधी ती बंद करायची. ही यादी ‘वीक रेफरन्स’ची ठेवा, नाहीतर कनेक्शन जिवंत असेपर्यंत एकही स्टेटमेंट मरणार नाही. रस्टमध्ये तर आणखी मजा आहे. तिथल्या ‘रस्क्लाइट’ या रॅपरमध्ये स्टेटमेंटच्या टाइपमध्येच लिहिलंय, की हे कनेक्शनपेक्षा जास्त जगू शकत नाही. तसा कोड लिहिलात तर तो कंपाइलच होत नाही.

आयुष्याचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ‘कॉलम टेक्स्ट’ नावाचं फंक्शन ओळीतला मजकूर देतं. देतं म्हणजे काय, पत्ता देतं. तो मजकूर लायब्ररीच्या मालकीचा, तुम्हाला फक्त बघायला दिलाय. पुढचा स्टेप, रीसेट किंवा फायनलाइझ कॉल केला की तो पत्ता शिळा झाला. वाचनालयात बसून वाचायचं पुस्तक समजा, घरी न्यायचं नाही. काही जण ‘रो’ नावाचा सुंदर क्लास करतात, ज्यात नुसते असे पत्ते असतात, आणि मग त्या रोंची यादी परत करतात. यादीत शंभर ऑब्जेक्ट, सगळ्यांच्या आत शिळे पत्ते. म्हणून रॅपरने मजकूर स्वतःच्या स्ट्रिंगमध्ये कॉपी करूनच बाहेर द्यावा. कॉपीला वेळ लागतो हे खरं. पण वेगाची गरज मोजून सिद्ध होईपर्यंत कॉपी हाच डीफॉल्ट.

जाणाऱ्या दिशेनेही तेच. ‘बाइंड टेक्स्ट’ला मजकूर देताना सांगावं लागतं, की हा मजकूर मी जपून ठेवतो, तू नुसता बघ (स्टॅटिक), की तू स्वतःची कॉपी कर (ट्रान्झिएंट). रॅपरच्या मेथडमधली तात्पुरती स्ट्रिंग मेथड संपताच जाते, आणि स्टेप तर नंतर होणार. म्हणून ट्रान्झिएंट. अँड्रॉइडचा रॅपरही तेच वापरतो.

मजकुराचा विषय निघालाय तर मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट सांगतो. बाइंड टेक्स्टला लांबी लागते ती बाइट्समध्ये, अक्षरांमध्ये नाही. ‘नमस्ते’ घ्या: न, म, स, हलन्त, त आणि एकारान्त मात्रा असे सहा कोड पॉइंट, प्रत्येकाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, एकूण १८. स्ट्रिंगची लांबी ६ आहे म्हणून तुम्ही ६ दिलेत तर डेटाबेसमध्ये फक्त ‘नम’ जाईल. इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला हा बग कधीच दिसणार नाही. याची उलटी बाजूही आहे. जावा आणि सी यांच्यामधल्या पुलाला जेएनआय म्हणतात. त्याचं स्ट्रिंग काढायचं सर्रास वापरलं जाणारं फंक्शन खरं यूटीएफ-८ देत नाही, त्याचा एक सुधारित प्रकार देतं. त्यात मराठी व्यवस्थित जातं, पण इमोजी ४ बाइटऐवजी ६ बाइटचा होऊन जातो आणि पलीकडे फुटतो. म्हणजे इंग्रजीत पास, मराठीत पास, आणि कोणीतरी नावापुढे दिवा लावला की नापास. अँड्रॉइडने एसक्यूलाइटची यूटीएफ-१६ वाली फंक्शन्स वापरून हा प्रश्न टाळलाय. तुमच्या चाचणीत इंग्रजी, मराठी आणि इमोजी तिन्ही हवेत.

आता चुका, म्हणजे एरर कोड. इथे खरी माणसं अडकतात म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही गावातल्या महिला बचत गटासाठी हिशेबाचं ॲप करताय. दर महिन्याला प्रत्येकीचा २०० रुपये हप्ता. एका ताईंनी पैसे दिले, अध्यक्षांनी फोनवर नोंद केली, स्क्रीनवर हिरवी खूण आली. पण त्याच क्षणी ॲपचं बॅकअपचं काम दुसऱ्या कनेक्शनवरून डेटाबेसमध्ये काहीतरी लिहीत होतं. स्टेपने ‘बिझी’ म्हणजे ५ हा कोड परत केला. रॅपरच्या मेथडने तो बघितलाच नाही. नोंद झालीच नाही. पुढच्या बैठकीत ताई म्हणणार ‘मी दिलेत’, वही म्हणणार ‘नाहीत’. भांडण त्या दोघींचं होणार, तुमचं नाव कोणी घेणार नाही.

म्हणून शून्य नसलेला प्रत्येक कोड तपासायचा. पण सरसकट ‘शून्य नाही म्हणजे एक्सेप्शन’ असंही चालत नाही. स्टेपकडून १०० आलं तर त्याचा अर्थ ‘ओळ मिळाली’, १०१ म्हणजे ‘काम संपलं’. दोन्ही आनंदाच्या बातम्या आहेत. रॅपरने त्यांचं खरं-खोटं करावं: ओळ आहे की नाही. ‘बिझी’ ही थोडं थांबून परत करण्यासारखी गोष्ट, तिचा एक्सेप्शन वेगळा. १९ म्हणजे नियमभंग, उदाहरणार्थ तोच पावती क्रमांक दुसऱ्यांदा. तो वापरणाऱ्याला नीट शब्दांत सांगता आला पाहिजे. १३ म्हणजे डिस्क भरली. हे सगळं एकाच ‘काहीतरी चुकलं’मध्ये गुंडाळलंत तर वरच्या थरातला माणूस काहीच ठरवू शकत नाही. मूळ आकडा एक्सेप्शनमध्ये ठेवाच. आणि चुकीचा संदेश लगेच कॉपी करा, त्याच कनेक्शनवरचा पुढचा कॉल तो पुसतो.

याच ॲपमध्ये दुसरा सापळा. एसक्यूएलमध्ये ‘नल’ म्हणजे नोंदच नाही. ‘कॉलम इंट’ला नल भेटलं तर ते शून्य परत करतं, कसलीही कुरकुर न करता. हप्त्याची नोंद करायची राहिली आणि हप्ता शून्य रुपये माफ केला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोटलिनमध्ये ‘इंट’ आणि ‘इंट प्रश्नचिन्ह’ असे दोन प्रकार आहेतच, मग रॅपरने नल असू शकणाऱ्या कॉलमसाठी प्रश्नचिन्हवाला प्रकार द्यावा. अँड्रॉइडच्या कर्सरमध्ये हे नाही, तिथे आधी ‘इज-नल’ विचारावं लागतं, आणि विचारायचं राहून जातंच. अशीच एक बारीक खोड: बाइंडचे क्रमांक १ पासून, कॉलमचे ० पासून. रॅपरने शक्यतो नावानेच किमती मागवाव्यात. क्रमांक ठेवलेच तर एकच पद्धत ठेवावी.

सुरुवातीला म्हणालो, जन्म-मृत्यूची जोडी शोधा. एक जोडी हँडलशिवायही असते. ट्रान्झॅक्शन. त्याला सीमध्ये पॉइंटर नाही, फक्त ‘बिगिन’ आणि ‘कमिट’ ही एसक्यूएलची वाक्यं आहेत. तरी त्याचा क्लास करावा असं मी म्हणेन, कारण उघडलेली अवस्था मिटवावी लागते. ऑब्जेक्ट बनला की बिगिन. कमिट ही वेगळी, हाताने कॉल करायची मेथड. कमिट न करता ऑब्जेक्ट मेला तर रोलबॅक. कमिट डिस्ट्रक्टरमध्ये का नाही? कारण कमिट फसू शकतं आणि डिस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन फेकता येत नाही, सी प्लस प्लसमध्ये तर त्याने प्रोग्रामच संपतो. जिचं अपयश कोणाला तरी कळायलाच हवं अशी गोष्ट डिस्ट्रक्टरमध्ये ठेवू नका. गटाने एका सदस्येला कर्ज दिलं तर गटाची शिल्लक कमी होणं आणि तिच्या खात्यावर कर्ज चढणं, दोन्ही व्हावं किंवा एकही होऊ नये.

किती फंक्शन्स गुंडाळायची? सगळी नाही. दोनशेच्या दोनशे मेथड केल्यात तर तुम्ही सीचं मॅन्युअल दुसऱ्या भाषेत छापलंत इतकंच. आपल्या ॲपला लागतात तेवढी घ्या, आणि कच्चं हँडल बाहेर काढायची एक खिडकी ठेवा. तिचं नाव मुद्दाम लांबलचक आणि कुरूप ठेवा, म्हणजे वापरणारा दोनदा विचार करेल आणि रिव्ह्यूमध्ये शोधता येईल. ही खिडकी नसेल तर लोक रॅपरच फेकून देतात, किंवा त्याच्या पोटात हात घालतात.

तपासायचं कसं? उघडा-बंद करा हे दहा हजार वेळा लूपमध्ये चालवा आणि मेमरी व उघड्या फाइल्स वाढतात का बघा. क्लोज दोनदा करा. बंद केल्यावर प्रत्येक मेथड बोलवा. आधी कनेक्शन मारा, मग स्टेटमेंट. अस्तित्वात नसलेल्या फोल्डरमधली फाइल उघडा. सीच्या बाजूला ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ चालू ठेवा. शिळा पत्ता वाचला की तो जागीच पकडतो. अँड्रॉइडवर ‘चेक-जेएनआय’ आहे, एम्युलेटरमध्ये ते आधीपासून चालूच असतं.

आणि तुमच्याकडे एसक्यूलाइट नसून दुसरी कुठली लायब्ररी असेल, ब्लूटूथ प्रिंटरची म्हणा किंवा इमेज प्रोसेसिंगची, तर कोड लिहिण्याआधी एक कागद घ्या. हेडर फाइलमधलं पॉइंटर परत करणारं प्रत्येक फंक्शन त्यावर उतरवा आणि पुढे दोन रकाने करा: ‘हा कोणी सोडायचा’ आणि ‘कधीपर्यंत चालतो’. जिथे रकाना रिकामा राहील तिथे डॉक्युमेंटेशन वाचा, तिथेही नसेल तर लायब्ररीचा सोर्स उघडा. क्लास किती आणि कुठले, ते बहुतेक त्या कागदावरच दिसतं.

थ्रेड्सबद्दल आज मुद्दाम बोललो नाही. एसक्यूलाइट डीफॉल्टमध्ये एकच कनेक्शन अनेक थ्रेडमधून वापरू देतं, पायथनचं मॉड्यूल मात्र ते दुसऱ्या थ्रेडमधून वापरायला गेलात तर एक्सेप्शन देतं. लायब्ररी हो म्हणत असताना रॅपरने नाही का म्हणावं, हा पुढच्या भागाचा विषय. तोवर तुमच्या कागदाचा फोटो काढून पाठवा. चला, भेटू.